भिंतीकडे तोंड करून

“आधुनिक माणूस बहिरा झाला आहे,” असं समीक्षकांनी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ठणकावून सांगितलं, आणि तिसऱ्या रांगेतून कोणीतरी विचारलं, “काय म्हणाले?”

माईक बंद पडला होता. समीक्षकांना त्याचा पत्ता नव्हता, कारण स्वतःचा आवाज त्यांना कायमच स्वच्छ ऐकू येत आला होता. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा “काय?” आलं. लोक आपलं वाक्य मागून मागून घेताहेत या आनंदात त्यांनी ते तिसऱ्यांदा, हात पसरून म्हटलं. एक माणूस वायर बघायला म्हणून त्यांच्या पायाशी वाकला, तर तीही दाद समजून त्यांनी किंचित मान तुकवली.

पाचव्या रांगेतल्या बाईंना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. भाषणं ऐकू न येणं ही त्यांच्या दुखण्याची एकमेव चांगली बाजू होती. पंचाईत केली ती नवऱ्याने. त्याने कानाशी तोंड आणून सांगितलं की आधुनिक माणूस बहिरा झालाय म्हणे. बाईंनी चमकून समीक्षकांकडे बघितलं. ही गोष्ट त्यांनी अजून सख्ख्या नवऱ्याला सांगितली नव्हती. या दाढीवाल्याला कोणी सांगितली?

बाई आणि त्यांचा नवरा दोघं मिळून आवाज तयार करत. रेडिओवरच्या नाटकात किंवा फोनवर ऐकायच्या गोष्टीत कोणी दार लावतं, कोणी जिना उतरतं, कोणाच्या हातून किल्ल्या पडतात. त्यातलं दारही खरं नसतं आणि जिनाही. ते सगळं या दोघांच्या पुढच्या खोलीत, एका जाडजूड लाकडी टेबलावर घडत असे. सामान म्हणजे बुटांचे काही जोड, रेतीचा ट्रे, मोडकी छत्री, कड्या-कुलपं आणि नवऱ्याचे दोन हात. स्टुडिओत त्याला सगळे आवाजमास्तर म्हणत. मास्तर हातांत बूट चढवून टेबलावर असे चालत की ऐकणाऱ्याला चालणाऱ्याचं वय कळावं, वजन कळावं, आणि घरी पोचल्यावर त्याला बोलणी बसणार आहेत की नाहीत तेही कळावं.

बाईंकडे कानांचं खातं होतं. मास्तर आवाज काढायच्या आधी बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत आणि डोळे मिटून घेत. आवाज झाला की काय ऐकू आलं ते सांगायचं. “म्हातारा जिना उतरतोय” असं उत्तर आलं आणि नाटकातही म्हाताराच जिना उतरत असला, तर पास. “कोणीतरी बटाटे ओततंय” असं आलं, तर पुन्हा पहिल्यापासून. ऐकणाऱ्याला काही दिसत नसतं, तेव्हा परीक्षकानेही बघायचं नाही, हा नियम लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरला आणि भिंतीवर बाईंच्या कपाळाच्या उंचीला तेलकट डाग पडला तरी चालूच राहिला. स्टुडिओवाल्यांनी बाईंचं नाव ‘कानसेन’ ठेवलं होतं. कानसेनबाईंनी पास केलंय म्हटल्यावर पुढे तिथे कोणी ऐकतही नसे. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते श्रोते तर गोष्ट दीडपट वेगाने लावून भांडी घासत.

गेल्या थंडीत बाईंच्या डाव्या कानाने काम सोडलं, आणि मग उजव्यानेही सहानुभूती म्हणून हळूहळू संप पुकारला. जवळचं, मोठं बोलणं कळे. बारीकसारीक, लांबचं, हलकं असं सगळं गेलं. घरात ते उघडं पडलं नाही, कारण मास्तर दिवसभर हातांनी जे हळू आवाज काढत त्याची भरपाई तोंडाने करत. त्यांचं साधं “चहा ठेव” खालच्या मजल्यावर ऐकू जाई आणि कधी कधी तिथे चहा ठेवलाही जाई. प्रश्न होता तो परीक्षेचा. तर बाई संहिता आधीच गुपचूप वाचून ठेवू लागल्या. भिंतीकडे तोंड करायचं, कपाळाला आठ्या घालून पूर्वी जेवढा वेळ ऐकायच्या तेवढा वेळ उभं राहायचं, आणि म्हणायचं, “जिना. म्हातारा. छान. पास.”

याचा परिणाम असा झाला की मास्तरांचं आयुष्यातलं सर्वांत यशस्वी वर्ष सुरू झालं.

पूर्वी एकेका पावसासाठी बाईंनी त्यांना अख्खी दुपार घाम काढायला लावला होता. आता पहिल्या फटक्यात पास. घोडे पास, किल्ल्या पास, बर्फ तर असा पास की मास्तरांनाच गलबलून आलं. ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगू लागले की या वयात कुठे आत्ता हात बसला. चालताना थोडी छातीही पुढे आली. आणि तिथेच बाईंचं घोडं अडलं. कानांचं सांगायला काही वाटत नव्हतं. कान काय, कोणाचेही जातात. पण कान गेले म्हणून सांगायचं, तर नवऱ्याचं सोन्यासारखं वर्षही त्याच्याकडून परत मागून घ्यावं लागणार होतं.

भाषण संपलं, म्हणजे माईक दुरुस्त झाल्यावर समीक्षकच थांबले, आणि मंडळी चित्रांकडे वळली. प्रदर्शन होतं ‘समोरच्या खिडक्या’. बाईंच्या समोरच्या इमारतीत एक छायाचित्रकार राहत होती. नवराबायको तिला आपसात ‘समोरची’ म्हणत. तिने वर्षभर आपल्या खिडकीतून पलीकडच्या खिडक्यांचे फोटो काढले होते आणि मग घरोघरी जाऊन परवानगी मागितली होती. मास्तरांनी तर तिचं वाक्य पुरं होण्याआधीच देऊन टाकली होती, फोटो न बघता. एका खिडकीत चौघं जण एकाच सोफ्यावर बसून चार फोन बघत होते. एका खिडकीत एक गृहस्थ यंत्रावर चालत होते आणि समोरच्या टीव्हीवर जंगल मागे मागे जात होतं. आणि मधल्या भिंतीवर, दाराएवढ्या आकारात, हे दोघं.

मास्तर हातांत काळे बूट घेऊन टेबलावर ओणवे झालेले. मागे बाई, भिंतीकडे तोंड करून, पण खिडकी बाजूला असल्याने त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता: डोळे मिटलेले, कपाळ आक्रसलेलं, ओठ घट्ट. खाली पट्टी होती, ‘निरोप’.

चित्रापुढे लोक हळू आवाजात बोलत होते. माहिती सांगायला नेमलेली बाई समजावून देत होती की हा पुरुष घर सोडून चाललाय. झोपमोड होऊ नये म्हणून त्याने बूट हातात घेतलेत. बुटांच्या टोकाला पांढरं दिसतंय ती वाटेची धूळ, म्हणजे तो याआधीही निघाला होता आणि परत आला होता. आणि तिला सगळं माहीत आहे, म्हणून तिने तोंड फिरवलंय. एका प्रौढ बाईंनी हे ऐकून रुमाल काढला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की तो बिचारा स्वतःच्या पायांतल्या बुटांकडे बघू लागला.

बाई मात्र आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तो त्यांनी कधी बघितलाच नव्हता. समोर नेहमी भिंत असे. आपण ऐकू येत नसताना असे दिसतो तर, असं त्यांच्या मनात आलं. हे दाराएवढं करून भर चौकात टांगलंय, आणि अजून कोणाला कळलं कसं नाही?

मास्तरांना वेगळंच काहीतरी कळलं होतं.

“हा चेहरा बघ,” ते म्हणाले, आणि दालनातल्या झाडून सगळ्यांनी बघितला. “मी काढलेल्या आवाजाने तुझा हा चेहरा झालाय. कुठला आवाज असेल गं तो?”

त्या दिवसापासून मास्तरांना हाच एक ध्यास लागला. ज्या आवाजाने बायकोच्या तोंडावर एवढं दुःख उमटलं आणि परक्या बायकांनी रुमाल काढले, तो आपला आयुष्यातला सर्वोत्तम आवाज असणार, आणि तो कुठला हे आपल्याला माहीत नसावं ही त्यांना मोठी नामुष्की वाटली. ते रोज प्रदर्शनाला जाऊ लागले. आपल्याच चित्राशेजारी उभं राहून, लोक काय अंदाज करतात ते ऐकून घरी येऊन सांगत. एकाच्या मते बूट चोरीचे होते. दुसऱ्याच्या मते पुरुष चपला-बूट विकणारा होता आणि बाईला मापाचे मिळत नव्हते. मधेच नणंदेचा फोन आला. तिने वर्तमानपत्रात फोटो बघितला होता. बाईंनी फोन कानाला लावला, दोनदा हो म्हटलं, एकदा हसल्या, आणि मास्तरांच्या हातात दिला. नणंद रडत विचारत होती की वहिनी हसतेय कशाला, दादा चाललाय कुठे?

मास्तरांचा तपास पुढे सरकत होता. काळे बूट, म्हणजे चालणारा पैसेवाला किंवा पोलीस. रेतीचा ट्रे चित्रात दिसत नाही, म्हणजे घराबाहेरचं नसावं. बाई हे सगळं कुतूहलाने ऐकत, प्रश्नही विचारत. एकदा तर त्यांना खरोखरच वाटून गेलं की कळलं तर बरं होईल, त्या दिवशी आपल्याला कुठला आवाज ऐकू आला नाही ते.

मग एका दुपारी मास्तर हातोडी घेऊन आले आणि भिंतीवरच्या तेलकट डागावर त्यांनी आरसा टांगला.

बाईंनी विचारलं, हे काय. मास्तर म्हणाले, आता वर्षभराचे सगळे चालण्याचे आवाज एकेक करून काढतो, आरशात तुझा चेहरा बघतो. ज्या आवाजाला चित्रातल्यासारखा चेहरा होईल, तो आवाज. बाईंनी नियमाची आठवण दिली. मास्तर म्हणाले, न बघण्याचा नियम तुला आहे, मला कुठाय? शिवाय आज उत्तरंही द्यायची नाहीत, नुसतं उभं राहायचं. उत्तरं द्यायची नाहीत म्हटल्यावर बाईंना जरा धीर आला. त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

मास्तरांनी बूट चढवले, प्रदर्शनातून आणलेलं चित्राचं छोटं कार्ड टेबलाला टेकवून ठेवलं आणि जिना उतरले. आरशात बघितलं, तर हुबेहूब तो चेहरा. मास्तरांच्या अंगावर काटा आला. पण माणूस कामाचा पक्का. खात्री करायला म्हणून ते फरशीवरून धावले. तोच चेहरा. जरा गोंधळून रेतीतून चालले, मग लाकडी पुलावरून, मग दारू प्यायलेल्या माणसासारखे. आठी हलली नाही, ओठ हलले नाहीत. मास्तरांनी हात खाली सोडले आणि बूट मांडीवर ठेवून ते विचार करत बसून राहिले. खोलीत काही वाजत नव्हतं. आरशात तोच चेहरा होता.

थोड्या वेळाने, सवयीने, बाई म्हणाल्या, “छान. पास.”

मास्तरांनी बूट हातांतून काढून टेबलावर ठेवले. उठून बायकोच्या मागे आले आणि खांद्यावर हात ठेवला. बाईंनी डोळे उघडले, तर आरशात दोघंही.

“मी काही केलंच नव्हतं,” मास्तर म्हणाले.

यावर सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून बाईंनी सगळं सांगितलं. डावा कान, उजवा कान, गुपचूप वाचलेल्या संहिता. मास्तर ऐकत राहिले. ते इतका वेळ गप्प होते की खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन चौकशी करायला हवी होती.

“घोडे?” त्यांनी शेवटी विचारलं.

“नाही ऐकले.”

“त्या म्हातारीच्या किल्ल्या?”

“नाही.”

“आणि बर्फ?”

“बर्फ तर मुळीच नाही हो. त्याला आधीच आवाज कुठे असतो.”

“मग पास कशाला करत गेलीस?”

“तुम्ही खूश होतात.”

मास्तर रुसले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच रुसवा म्हणून हळू बोलू लागले. ताटावर बसून पुटपुटायचे, खिडकीशी उभं राहून कुजबुजायचे, आणि बाई प्रत्येक गोष्टीला हसून मान डोलवायच्या. पहिल्यांदा मास्तरांना वाटलं, ही मुद्दाम करतेय. मग त्यांनी परीक्षा घ्यायची म्हणून तोंड वाकडं न करता पुटपुटून सांगितलं की मी घर विकून तुझ्या भावाकडे राहायला जातोय, कायमचा. बाई म्हणाल्या, “बरं, पण लवकर या.” मास्तरांचा घास हातातच राहिला. एवढ्या सगळ्या महिन्यांत ही बाई भिंतीकडे तोंड करून एकटीच उभी होती, आणि आपण मागे बूट आपटत बसलो होतो. त्यांचा रुसवा तिथेच संपला. निदान आवाज तरी पूर्वपदावर आला, कारण खालून लगेच कोणीतरी छताला काठी ठोकली.

दुसऱ्या दिवशी ते स्टुडिओतून मोठे हेडफोन घेऊन आले. कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत नुसतं बसून काय करायचं, असं म्हणून त्यांनी ते बाईंच्या कानांवर चढवले, आवाजाचं बटण होतं तेवढं फिरवलं आणि वर्षभराचं सगळं काम पहिल्यापासून लावलं. पास म्हणून गेलेलं सगळं. बाईंनी आपणहून भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांना ऐकू आलं. लांबून, डब्यातून आल्यासारखं, पण आलं.

“हे घोडे नाहीत,” त्या म्हणाल्या. “दोन माणसं वाडगी घासताहेत.”

मास्तरांनी मान खाली घातली. पुढे लावलं.

“हा पोलीस नाही, याचे बूट घट्ट होताहेत. हे दार कपाटाचं आहे, घराचं नाही. किल्ल्या ठीक. म्हातारी मात्र म्हातारी नाही. चांगली धडधाकट आहे.”

असं चालू राहिलं. सोन्यासारखं वर्ष एकेक तुकडा करून नापास होत होतं, आणि आश्चर्य म्हणजे मास्तरांना बरं वाटत होतं. पूर्वीच्या दुपारींसारखं अंगाला घाम येत होता. ते हुज्जत घालत, बाजू मांडत, हरत होते. खरं सांगायचं तर सोन्याच्या वर्षात त्यांच्याशी कोणी भांडलंच नव्हतं, आणि लिफ्टमधल्या लोकांशी एकट्याने किती बोलणार?

मग बर्फ आला. मास्तरांनी तो मधे लावून बघितला, काही न सांगता. कापडाच्या पिशवीत पिठूळ स्टार्च भरून त्यावर काळे बूट हलके हलके दाबून केलेला. बाईंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. म्हणाल्या, परत लावा. मास्तरांनी परत लावला.

“कोणीतरी बर्फातून चाललंय,” बाई म्हणाल्या. “त्याला घाई नाहीये. पोचायचंच नाहीये बहुतेक. पास.”

मास्तरांनी संशयाने विचारलं, “संहिता वाचली होतीस ना याची?”

“वाचली होती. संहितेत तो पळत होता.”

मास्तर खुर्चीवर बसले. त्यांच्या लक्षात आलं की संहिता आपण स्वतः नीट वाचलेली नाही, आणि हा वर्षभरातला एकमेव खरा पास आहे. दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात आल्यामुळे कुठल्या गोष्टीचा चेहरा करावा हे त्यांना ठरवता येईना.

ही सगळी हकीकत मास्तरांनी दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात, चित्रासमोर उभं राहून माहितीवाल्या बाईंना सांगितली, म्हणजे दालनातल्या सगळ्यांनाच सांगितली. संध्याकाळी समोरची घरी आली. तिचा चेहरा पडला होता. तिने आधी काकूंची माफी मागितली, मग काकांची, आणि मग लॅपटॉप उघडून चित्र मोठं करत करत बुटांच्या टोकापर्यंत नेलं. ज्याला सगळे वाटेची धूळ म्हणत होते ते काय असेल, हे तिलाही बघायचं होतं. मास्तरांनी चष्मा वर केला. ते स्टार्च होतं.

“म्हणजे त्या दिवशी मी बर्फात होतो,” ते समाधानाने म्हणाले. तपास संपला.

समोरची मात्र संपवायला तयार नव्हती. ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलत होती आणि बाई तिच्या ओठांकडे लक्ष देऊन बघत होत्या. ती म्हणाली की मी वर्षभर समोरून बघत होते आणि मला काहीच कळलं नव्हतं. जो निघालाय असं मला वाटलं तो कुठेच चालला नव्हता. जिने तोंड फिरवलंय असं वाटलं ती ऐकायला धडपडत होती. चित्र खोटं ठरलं. उद्या समीक्षक आणखी माणसं घेऊन यायचे आहेत, वर्तमानपत्रवालेही येणार आहेत. तुम्ही म्हणाल तर ते भिंतीवरून काढते. किंवा नाव बदलते. तिने वही काढली नाही, पण काढावी असा तिचा चेहरा झाला. “त्या क्षणी या घरात खरं काय चाललं होतं, ते तुम्हीच सांगा, काकू. तुम्ही सांगाल ते नाव देते.”

मास्तरांनी घसा साफ केला. त्यांच्याकडे बरीच नावं तयार होती, शिवाय छोटंसं भाषणही होतं. बाईंनी हाताने त्यांना थांबवलं. त्या लॅपटॉपजवळ सरकल्या आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा बघत राहिल्या. मग बोटाने चित्र हळूहळू बाजूला सरकवत डाव्या कोपऱ्यापर्यंत नेलं. समोरची श्वास रोखून वाट बघत होती.

“चित्र राहू दे,” बाई म्हणाल्या. “नावही राहू दे, चांगलं आहे. फक्त इथे खुर्चीच्या पाठीवर हा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल दिसतोय ना, तो शेजारच्यांचा आहे. वाऱ्याने उडून आला होता, द्यायचा राहून गेला. तेही उद्याच येणार म्हणताहेत बघायला. तेवढा झाकता आला तर बघ ना जरा.”